आभाळाचा उभा छेद

बोरघाटातून आगगाडी जात असताना एक बोगदा संपून दुसरा लागेपर्यंत जो घटकाभर उजेड मिळतो, त्यात बाजूच्या कापलेल्या दरडीकडे पाहावे. काळ्या फत्तराचा जाड थर, त्यावर तांबड्या मातीची पट्टी, तिच्यावर पुन्हा फत्तर! लाव्हारसाचे लोट एकावर एक कसे पसरत गेले, मध्ये किती काळ थांबले, हे सारे त्या दरडीवर उघडे पडलेले असते. डोंगराच्या पाठीवरून जन्मभर हिंडणाऱ्या धनगरालाही जे दिसत नाही ते सुरुंगाने एका दिवसात दाखवले. विहीर खणणाऱ्याचेही तसेच. वरून साऱ्या शेताची माती सारखी. खाली मुरूम किती हातांवर आणि पाणी किती हातांवर, हे उभे खणल्याखेरीज कळत नाही.

हवेला अशी दरड नाही. ती डोळ्यांना दिसत नाही, सुरुंगाने फुटत नाही, आणि कापलीच तर पाण्यासारखी मागल्या मागे मिटते. वर्तमानपत्रात हवामानाचा जो नकाशा आपण पाहतो तो या हवेच्या केवळ तळाचा. वाड्याच्या तळमजल्याचा आराखडा हाती देऊन माडीवर कोण राहते आणि वर कौले आहेत की गच्ची, असे कोणी विचारावे तशातला तो प्रकार. तरीही माणसाने हवेचा उभा छेद काढला. तो कसा काढला, त्यापायी कोणी काय सोसले आणि शेवटी त्यात काय सापडले, याची हकीकत सणाच्या निवांत वेळी सांगावी असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. मी इतिहासाचा वाचक, विज्ञानाचा पंडित नव्हे. पण ही हकीकत माणसांचीच आहे.

आधी छेद म्हणजे काय ते पाहू. कागदावर तळाशी आडवी रेघ ओढली की ती झाली जमीन. तिच्यावर गावांच्या खुणा करावयाच्या आणि प्रत्येक गावाच्या डोक्यावर, जेथपर्यंत वेध पोचला असेल तेथपर्यंत, तपमानाचे व वाऱ्याचे आकडे मांडावयाचे. मग सारख्या तपमानाचे बिंदू रेघांनी जोडावयाचे. वाचकांनी एक हिशेब मात्र ध्यानात ठेवावा. विषुववृत्तापासून उत्तर ध्रुवापर्यंतचे दहा हजार किलोमीटर एका फूटभर कागदावर बसवले, तर ज्या सतरा किलोमीटरांत आपले ढग, पाऊस आणि वादळे नांदतात, ते त्याच मापाने अर्ध्या मिलिमीटरात संपतात! पेन्सिलीच्या रेघेएवढी ही हवा. म्हणून छेद काढणारा उंची शेकडो पटींनी ताणून दाखवतो. हवेचा प्रत्येक उभा छेद अशा रीतीने थोडा खोटा असतो, आणि तसा तो असल्यावाचून काही दिसतही नाही.

माझ्या मते या छेदाचा पहिला कागद १६४८ सालच्या सप्टेंबरच्या १९ तारखेचा मानावा, जरी त्या दिवशी कोणी काही रेखाटले नाही. फ्रान्समधील पास्कालने आपला मेहुणा पेरिये याला पाऱ्याची नळी घेऊन प्युई द दोम नावाच्या डोंगरावर चढावयास सांगितले होते. हवेला वजन असेल तर वर जाऊ तसे ते कमी भरले पाहिजे आणि नळीतला पारा उतरला पाहिजे, असा त्याचा तर्क. पारा तीन इंचांहून थोडा अधिक उतरला. ही गोष्ट क्रमिक पुस्तकांत असते. तिच्यात सहसा नसतो तो खाली राहिलेला पाद्री. पेरियेने अगदी तशीच दुसरी नळी पायथ्याच्या मठातील एका पाद्र्याच्या स्वाधीन केली होती, आणि तो बापडा दिवसभर तिच्याकडे पाहत बसून होता. त्याचा पारा हलला नाही. तो बसला नसता तर शंकेखोरांनी म्हटले असते, ‘त्या दिवशी हवाच बदलली असेल.’ एक माणूस वर, एक खाली, एकाच दिवशी, एकाच मापाने: उभ्या छेदाला लागते ते सारे यात आले. बसून राहणाऱ्याचे नाव इतिहास मागच्या बाकावर ठेवतो, याला इलाज नाही.

डोंगराची उंची संपते तेथे फुग्याचे काम सुरू होते. माणूस घेऊन उडणारा फुगा फ्रान्समध्ये १७८३ साली निघाला आणि १८०४ साली गे-ल्युसाक एकटाच सात किलोमीटरांवर जाऊन हवा बाटल्यांत भरून घेऊन आला. या वीरांपैकी मला सर्वांत जवळचा वाटतो तो इंग्रज ग्लेशर. हा गृहस्थ वेधशाळेतला, टेबलाशी बसून आकडे तपासणारा, पन्नाशी ओलांडलेला. १८६२ सालच्या सप्टेंबरच्या ५ तारखेस तो कॉक्सवेल या फुगेवाल्याबरोबर वुल्व्हरहॅम्प्टनहून वर निघाला. बरोबर तापमापक, वायुभारमापक आणि सहा कबुतरे. तीन मैलांवर सोडलेले कबुतर पंख पसरून कागदासारखे खाली घरंगळले. आणखी वर सोडलेले एक दगडासारखे पडले. पाच मैलांच्या पुढे ग्लेशरला तापमापकावरचे आकडे दिसेनात, मग हात उचलेना, मग मान सावरेना, आणि तो बेशुद्ध झाला. फुगा चढतच होता. झडप उघडण्याची दोरी वर गुंतलेली. कॉक्सवेल कड्यावर चढला, पण त्याचे हात गारठून निकामी झालेले. शेवटी त्याने दोरी दातांत धरून ओढली आणि दोघांचे प्राण वाचवले. शुद्धीवर येताच ग्लेशरने काय करावे? पेन्सिल मागून घेतली आणि वेध लिहावयास लागला! आपण ३७,००० फुटांवर गेलो असा त्याचा हिशेब होता. पुढच्या अभ्यासकांनी तो बराच खाली आणला.

सगळेच असे परतले नाहीत. १८७५ च्या एप्रिलमध्ये ‘झेनिथ’ नावाचा फुगा पॅरिसहून तिघांना घेऊन उडाला. प्राणवायूच्या पिशव्या बरोबर होत्या; परंतु विरळ हवेत माणसाची बुद्धी आधी जाते, भय वाटेनासे होते, आणि ज्या क्षणी पिशवीची नळी तोंडाशी न्यावयाची त्याच क्षणी हात हलत नाही. क्रोचे-स्पिनेल्ली आणि सिव्हेल वर गेले ते गेलेच. तिसरा तिसांदिये जिवंत उतरला, पण कानांनी अधू होऊन.

यानंतर शहाणपण आले ते असे की, माणसाने वर जाण्याचे कारण काय? आकडा हवा आहे; आकडा टिपणारे यंत्र जाऊ द्यावे. एर्मिट आणि बेझान्सॉं या दोघा फ्रेंचांनी १८९२-९३ मध्ये नुसती लेखणीयंत्रे बांधलेले फुगे सोडले आणि त्यांतला एक तर सोळा किलोमीटर चढला.

तेसरांक द बोर हा पॅरिसचा हवामानशास्त्रज्ञ घरचा श्रीमंत होता. १८९६ साली त्याने व्हर्साय नजीक त्राप येथे स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारली आणि रोगण लावलेल्या कागदाचे फुगे वर पाठवण्याचा सपाटा लावला. त्या वेळी सर्वमान्य समजूत अशी होती की, वर जावे तसे तपमान घटत जाते आणि ते असेच घटत घटत पोकळीच्या अखेरच्या थंडीला जाऊन मिळते. किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश, हिशेब सरळ. पण त्रापच्या यंत्रांवरची रेघ अकरा किलोमीटरांच्या आसपास आडवी होऊ लागली. थंडी थांबली!

असा आकडा हाती आल्यावर उतावळा माणूस वर्तमानपत्राकडे धावला असता. तेसरांक द बोरला पहिला संशय आला तो स्वतःच्याच यंत्राचा. उंचावर फुगा मंदावतो, यंत्राभोवती वारा खेळत नाही, आणि उघड्या उन्हात ते तापून खोटे तपमान दाखवीत असेल तर? म्हणून त्याने रात्री फुगे सोडावयास प्रारंभ केला. अंधारातही रेघ आडवीच. ऋतू बदलले, यंत्रे बदलली, रेघ तीच. एकूण २३६ फुगे वर गेले, आणि मग कोठे २८ एप्रिल १९०२ रोजी त्याने फ्रेंच अकादमीपुढे सांगितले की, वातावरण एकसंध नाही. त्याला एक माळा आहे आणि वरच्या मजल्यावर निराळा कायदा चालतो. पुढे अवघ्या तीन दिवसांनी बर्लिनमध्ये आसमान या जर्मन शास्त्रज्ञाने हेच जाहीर केले. त्याचे फुगे रबराचे होते. कागदी फुगा वर जाऊन रेंगाळतो. रबरी फुगा फुगत फुगत त्याच वेगाने चढतो आणि शेवटी फुटतो, त्यामुळे यंत्राला वारा मिळत राहतो. दोघांच्या रीती वेगळ्या, शंका वेगळ्या, उत्तर एक. खालच्या मजल्याला आपण तपांबर म्हणतो, वरच्याला स्थितांबर, आणि मधल्या माळ्याला तपस्तब्धी. थंडी का थांबते याचा उलगडा मागाहून झाला: वर ओझोन वायू आहे, तो सूर्याचे जंबुपार किरण गिळतो आणि तापतो.

आता प्रश्न असा की, हा माळा सगळीकडे सारख्याच उंचीवर आहे काय? युरोपात तो दहा-अकरा किलोमीटरांवर. बेर्सोन या जर्मन फुगेवाल्याने १९०८ साली आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरावरून फुगे सोडले, तेव्हा तेथे अकरा किलोमीटरांवर थंडी थांबण्याचे नावच घेईना. ती सतरा किलोमीटरांपर्यंत वाढत गेली. एका सरोवरावरचे हे चार वेध. विषुववृत्त आणि युरोप यांच्या मध्ये काय आहे? छेदाचा हा मधला कागद कोरा होता, आणि त्या कोऱ्या जागेत हिंदुस्थान येत होता.

येथे आग्र्याची गोष्ट येते, आणि ताजमहालाच्या पलीकडे आग्र्याची ही ओळख आपल्याकडे फारशा कोणाला नसते याचे मला वाईट वाटते. गिल्बर्ट वॉकर हे आपल्या हवामान खात्याचे प्रमुख असताना फील्ड नावाच्या अधिकाऱ्याने आग्र्यास उच्च हवेच्या वेधांचे ठाणे १९१४ साली सुरू केले. सभोवार सपाट मुलूख, दाट वस्ती, डोंगर नाही की समुद्र नाही; फुगा कोठेही पडला तरी तो कोणाच्या ना कोणाच्या शेतात पडणार. कारण रेडिओने आकडे पाठवण्याची सोय तेव्हा नव्हती. डाइन्स या इंग्रजाने बनवलेले अगदी हलके यंत्र फुग्याखाली टांगलेले असे. त्यातली सुई धातूच्या इवल्याशा पत्र्यावर ओरखडा काढी, आणि तो ओरखडा सूक्ष्मदर्शकाखाली वाचावा लागे. फुगा फुटे, यंत्र खाली येई, आणि त्याबरोबरच्या चिठ्ठीत विनंती असे की, ज्याला हे सापडेल त्याने ते पोचते करावे, बक्षीस मिळेल. सापडले नाही तर तो वेध गेला. म्हणजे आभाळाच्या छेदातला एकेक बिंदू हा कोणा शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या, पोस्टमनच्या हातून आलेला आहे. ज्याने ऊस किंवा गहू तुडवीत जाऊन ती विचित्र वस्तू उचलली, ती मोडून तिची पितळ-पत्रा विकण्याऐवजी ठाण्यावर नेऊन दिली, त्याला आपण काय परत केले याची कल्पना असणार नाही. मघाच्या पाद्र्याचीच ही जात.

या आकड्यांना अर्थ देणारा माणूस म्हणजे कल्पाती रामकृष्ण रामनाथन. मूळचे पालघाटचे, जन्म १८९३ चा. कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याजवळ त्यांनी प्रकाशाच्या विखुरण्यावर काम केले, आणि पुढे ज्या परिणामाला रामन यांचे नाव मिळाले त्याची पुसट चाहूल त्यांना १९२३ सालीच लागली होती. १९२५ मध्ये ते हवामान खात्यात आले. तीन वर्षांनी खात्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यास हलले. घड्याळाच्या मनोऱ्याच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’च म्हणतात आणि नवख्याला शिमला पुण्यात कसे आले याचे कोडे पडते. असो. रामनाथन यांनी आग्र्याचे वेध आणि जगातल्या इतर ठिकाणांहून प्रसिद्ध झालेले वेध एकत्र केले आणि विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचा, जमिनीपासून पंचवीस किलोमीटर उंचीपर्यंतचा, हवेचा एक अखंड उभा छेद काढला. तो १९२९ साली ‘नेचर’ या इंग्लिश साप्ताहिकात छापून आला.

हा छेद मी प्रथम पाहिला तेव्हा तो उलटा छापला आहे काय, असे मनात आले. कारण त्यात पृथ्वीवरच्या हवेतली सर्वांत थंड जागा ध्रुवावर नाही. ती विषुववृत्ताच्या डोक्यावर, सतरा किलोमीटरांच्या सुमारास आहे! तपमान शून्याखाली ऐंशी अंशांहूनही अधिक. पृथ्वीभोवती एखादे चपटे कडे घालावे तसे हे थंडीचे कडे, आणि त्याच उंचीवर उत्तरेकडे जाऊ तसतशी हवा अधिक ऊबदार. तळमजल्यावर जेथे उकाडा, माडीवर तेथेच कडाक्याचा गारठा. आणि तळमजल्यावर जेथे बर्फ, माडीवर तेथे त्या मानाने ऊब. माळाही सपाट नव्हे: उष्ण प्रदेशावर सोळा-सतरा किलोमीटर उंच, आणि तीस ते पन्नास अक्षांशांच्या दरम्यान कड्यासारखा उतरून ध्रुवाकडे ठेंगणा होत गेलेला.

कारण ऐकले की नवल थोडे ओसरते. उष्ण प्रदेशातली तापलेली, ओली हवा जोराने वर जाते. वर दाब कमी म्हणून ती फुलते, आणि फुलण्याचे श्रम तिच्याच उष्णतेतून खर्ची पडतात. जी अधिक उंच चढते ती अधिक गारठते. इतके साधे. पण हे साधेपण छेद काढल्यानंतरचे. त्याआधी कोणी घरबसल्या असे बोलला असता तर त्याला हसले असते.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. दोन फुग्यांमध्ये शेकडो, कधी हजारो किलोमीटरांचे अंतर असते. मधल्या जागेतून जी रेघ जाते ती कोणी मोजलेली नसते. ती काढणाऱ्याच्या विचाराची असते. हेच काम नॉर्वेतल्या बर्गेन गावी मोठ्या धिटाईने झाले. पहिल्या महायुद्धात बाहेरच्या तारा बंद पडल्या तेव्हा व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांनी किनाऱ्यावर जागोजाग निरीक्षक नेमले, आणि त्यांचा विशीतला मुलगा याकोब याने १९१९ साली वादळाची रचना मांडली. ऊबदार आणि थंड हवा जेथे भिडतात त्या सीमेला त्यांनी युद्धातलाच शब्द दिला: आघाडी. बर्गेनच्या मंडळींनी १९२२ साली प्रसिद्ध केलेली वादळाची आकृती आजही पाठ्यपुस्तकांत असते. मध्ये वादळाचा आडवा नकाशा, वर एक उभा छेद आणि खाली एक उभा छेद. मौज अशी की, ते उभे छेद बहुतांशी जमिनीवरून ढगांची चाल पाहून काढलेले होते. फुग्यांच्या माळाच माळा युरोपभर सोडून त्यांची तपासणी पुढे १९२८ ते १९३५ च्या दरम्यान झाली आणि मुख्य रेघा टिकल्या. ज्याला मोजता येत नाही त्याने अंदाज करू नये असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांच्यापेक्षा हे बर्गेनवाले पटतात, कारण त्यांनी अंदाज अशा रूपात मांडला की उद्या कोणी तो खोडू शकेल.

उभ्या छेदाची खरी करामत मात्र पुढेच आहे. त्यातून नुसते तपमान कळत नाही, वाराही कळतो. ऊबदार हवा फुललेली, म्हणून तिच्या स्तंभात वर जाताना दाब हळूहळू उतरतो. थंड हवा दाटलेली, तिच्यात झपाट्याने. म्हणून जसजसे वर जावे तसतसा ऊबदार बाजूचा दाब थंड बाजूहून अधिक भरू लागतो. हवा तिकडून इकडे निघते, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात ती उजवीकडे वळते. दक्षिणेस ऊब आणि उत्तरेस थंडी असली की उंचावर पश्चिमेचा वारा, आणि छेदातल्या रेघा जेथे दाट व कलत्या तेथे तो भयंकर. जपानमधील तातेनो येथे ओइशी यांनी १९२० नंतरच्या वर्षांत फुगे सोडून हा वारा मोजला होता आणि १९२६ साली त्याचा अहवालही छापला. जगाला वाचता यावा म्हणून एस्पेरांतो या जागतिक भाषेत! जगाने तो वाचला नाही. १९४४ साली अमेरिकन बाँबफेकी विमाने टोकियोवर त्याच वाऱ्यात अडखळली तेव्हा साऱ्यांना जाग आली. युद्धानंतर शिकागोत रॉस्बी, पाल्मेन आदी मंडळींनी उत्तर-दक्षिण छेद काढून हा झोतवारा कोठे बसतो ते दाखवले: तपस्तब्धीच्या त्याच उतारापाशी, जेथे माळा कड्यासारखा खाली येतो.

आणि आता आपला पावसाळा. हाच नियम उन्हाळ्याअखेर आपल्या डोक्यावर उलटा फिरतो. तिबेटचे पठार चार-साडेचार किलोमीटर उंच. ते तापले की वरची हवा तेथे विषुववृत्तावरच्या हवेहून ऊबदार होते. ऊब उत्तरेस, थंडी दक्षिणेस: मग उंचावरचा वारा पूर्वेचा हवा. हवामान खात्यातले कोटेश्वरम यांनी नेमका तो दाखवला आणि १९५८ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवर, जून ते सप्टेंबर, दक्षिण हिंदुस्थानावरून आफ्रिकेकडे जाणारा हा पूर्वेचा झोतवारा. खालचा नैर्ऋत्य वारा तर आपण सारेच ओळखतो. पण त्याचाही कणा कोठे आहे हे छेदानेच सांगितले. जोसेफ आणि रामन (हे रामन निराळे) यांनी १९६६ साली दाखवले की, जुलैमध्ये द्वीपकल्पावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा एक झोत असतो. दीड किलोमीटर म्हणजे सिंहगडाच्या जरा वर आणि कळसूबाईच्या जरा खाली.

कोकणात छत्री उलटी होते तो वारा पश्चिमेचा. त्यावर सहा-सात किलोमीटरांच्या सुमारास वारा जवळजवळ मरतो. त्याच्याही वर, विजा चमकणाऱ्या ढगांचे शेंडे ज्या दिशेने विंचरले जातात तो वारा पूर्वेचा. ताशी शंभर किलोमीटरांच्या घरातले दोन वारे, एकमेकांच्या विरुद्ध, एकाच गावावर!

कुलाब्याचे नावही या कहाणीत आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत १९६३ साली मुंबईस कुलाबा वेधशाळेच्या आवारात हवामानाचे आंतरराष्ट्रीय केंद्र उघडले आणि यंत्रे घेतलेली विमाने अरबी समुद्रावरून उडाली. त्या वेधांतून अरबस्तानाच्या किनाऱ्यापासून मुंबईपर्यंत समुद्राचा छेद मिळाला. पश्चिमेकडे समुद्रालगत ओल्या हवेचा पातळसा थर आणि त्यावर वाळवंटातून आलेली कोरडी, ऊबदार हवा झाकणासारखी बसलेली. झाकणाखाली ढग वाढत नाहीत. म्हणून तिकडे तोच वारा, तेच पाणी, पण पाऊस नाही. पूर्वेकडे येता येता ओला थर जाड होतो, झाकण उचलत जाते, आणि आपल्या किनाऱ्यापाशी ते नाहीसे होते. मृगाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला या झाकणाची वार्ता कोणी सांगितली नाही, पण त्याचे वर्ष त्याच्यावर टांगलेले असते.

आता यंत्रांना परत आणावे लागत नाही. १९३० च्या सुमारास फ्रान्स आणि रशियात रेडिओने आकडे पाठवणारे फुग्यांचे यंत्र निघाले. २००६ साली ‘क्लाउडसॅट’ नावाचा उपग्रह सोडला गेला आणि सुमारे सातशे किलोमीटरांवरून, रडारच्या सुरीने, तो ढगांचे उभे काप काढीत फिरला. २०२३ साली त्याचे काम थांबले. त्याच्या उड्डाणाचा दिवस होता २८ एप्रिल. तेसरांक द बोर अकादमीपुढे उभा राहिला तो दिवसही २८ एप्रिल. असल्या योगायोगाला काही अर्थ नसतो, तरी तो सांगितल्यावाचून राहवत नाही. महाबळेश्वरलाही पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. उपग्रहांच्या आणि जमिनीवरच्या रडारांनी काढलेल्या छेदांतून एक गोष्ट समोर आली आहे, जी घाटमाथ्यावरच्या माणसालाही चकित करील. बंगालच्या उपसागरावरचे पावसाळी ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातात. परंतु वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरच्या माथ्यावर जो पाऊस पडतो, तो पुष्कळदा ठेंगण्या ढगांतून पडतो. शेंडा पाच-सहा किलोमीटरांच्या पुढे नाही, गडगडाट नाही, बर्फाचा कण नाही. नुसते पाणी, रात्रंदिवस.

फुगेही सुटतच आहेत. जगभरची ठाणी एकाच वेळेचा वेध घेतात, आणि ती वेळ आपल्याकडे पहाटे साडेपाचची व सायंकाळी साडेपाचची येते. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर बंब पेटलेले असतात आणि उटणे लावण्यावरून मुलांची रडारड चाललेली असते, त्याच सुमारास मुंबईस, पणजीस, नागपुरास कोणी कर्मचारी अंगणात उभा राहून हातातला फुगा सोडतो. तो दीड-दोन तास चढत राहतो, सतरा किलोमीटरांवरचे ते थंडीचे कडे ओलांडतो, आणि तिसाच्या सुमारास कोठे तरी फुटतो.